झिरी फेब्रुवारीतच का आटली? महूच्या घाटमाथ्यावरील एका वसतिगृहाचे प्रकरण

पार्श्वभूमी

इंदूरहून महूमार्गे दक्षिणेला निघाले की माळव्याचे पठार एकदम संपते आणि विंध्याचा कडा निमाडात उतरतो. या कड्यावर पडणाऱ्या पावसाला दोन वाटा आहेत. जानापावच्या डोंगरात उगम पावणारी चंबळ उत्तरेला यमुनेकडे जाते, तर चोरल कडा उतरून नर्मदेला मिळते. यातल्या कुठल्याच नदीला बर्फाचा आधार नाही. हिमालयातल्या नद्यांना उन्हाळ्यात वितळणारे बर्फ असते. इथे ऑक्टोबरनंतर ओढ्यात जे वाहते ते डोंगराने पावसाळ्यात पोटात साठवलेले पाणी, बाकी काही नाही. मावठा, म्हणजे हिवाळ्यातला पाऊस, झाला तर झाला, पण त्याच्यावर हिशेब मांडता येत नाही.

शहराला हे सहसा जाणवत नाही. इंदूरसाठी गंभीर नदीवर १९३९ मध्ये यशवंतसागर बांधला गेला आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून नर्मदेचे पाणी जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून, पंपाने घाट चढवून आणले जाते. नळाला नर्मदा येत असल्यामुळे जवळच्या डोंगराचे काय चालले आहे याची चौकशी कोणी करत नाही. घाटमाथ्यावरच्या वस्त्यांना मात्र त्या डोंगराशिवाय दुसरे काही नाही.

हे प्रकरण अशाच एका ठिकाणचे आहे. इंदूरच्या काही मराठी कुटुंबांनी चालवलेल्या न्यासाचे इथे वसतिगृह आहे. आसपासच्या भिल-भिलाला आदिवासी वस्त्यांतली ९० मुले आणि २० कर्मचारी, असे ११० जण तिथे राहतात. पाणी डोंगरातल्या एका झिरीचे, म्हणजे लहान झऱ्याचे. तिथून दीड किलोमीटर पाइप उताराने येतो, पंप लागत नाही, विजेचे बिल नाही. ओळख पटू नये म्हणून संस्थेचे व गावाचे नाव दिलेले नाही आणि जागेच्या खुणा बदलल्या आहेत.

अडचण

पूर्वी झिरी एप्रिलपर्यंत पुरायची. मे महिन्यात शाळेला सुट्टी, वसतिगृह जवळजवळ रिकामे, त्यामुळे तेव्हाची टंचाई टोचत नसे. मग टँकर मार्चमध्ये लागू लागला आणि शेवटी फेब्रुवारीच्या मध्यावर आला. झिरीच्या प्रवाहाची नोंद कोणी ठेवलेली नव्हती, पण हिशेबाच्या वह्यांत टँकरच्या पावत्या होत्या. दरवर्षी पहिला टँकर कोणत्या तारखेला आला एवढे एका कागदावर मांडल्यावर घसरण स्पष्ट दिसली. ज्या संस्थांकडे मोजमाप नाही त्यांना ही युक्ती वापरता येते, कारण खर्चाची वही सहसा कोणी टाकून देत नाही.

विश्वस्तांची समजूत सरळ होती: पाऊस कमी झाला. जवळच्या पर्जन्यमापकाच्या नोंदी पाहिल्यावर तसे दिसले नाही. या पट्ट्यात वर्षाला साधारण ९५० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. वार्षिक बेरीज वर-खाली होत होती, पण सलग उतरण नव्हती. बदलली होती ती पडण्याची रीत. आठवडाभराची रिपरिप कमी होऊन त्याच बेरजेचा मोठा भाग थोड्या दिवसांत कोसळत होता. मध्य भारताबद्दल २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास हेच सांगतो: १९५० ते २०१५ या काळात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना जवळपास तिप्पट झाल्या. तासाभरात ७० मिलिमीटर कोसळले तर जमीन तिच्या वेगाने घेते तेवढेच घेते, उरलेले संध्याकाळपर्यंत चोरलमध्ये पोहोचते.

आता गरज किती ते पाहू. माणशी ७० लिटर धरले तर ७,७०० लिटर, गोठा आणि भाजीचा वाफा मिळून आणखी १,३०० लिटर. म्हणजे दिवसाला ९,००० लिटर, मिनिटाला सव्वासहा लिटर. टाकी रात्रभर भरत राहते, म्हणून १५ लिटरची बादली २ मिनिटे २४ सेकंदांत भरली तरी काम भागते. वर्षाचा हिशेब ३३ लाख लिटरच्या आत राहतो. झिरीच्या वरच्या अंगाला साधारण २५ हेक्टर माथा आहे. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर, या हिशेबाने त्या माथ्यावर वर्षाला पावणेचोवीस कोटी लिटर पाणी पडते. संस्थेला हवे होते त्यातले दीड टक्क्याहूनही कमी. पाणी पडत होते, ते डोंगरात थांबत नव्हते.

वर काय बदलले होते

इथला दगड म्हणजे दख्खनचा काळा पाषाण (बेसाल्ट), थरावर थर. घट्ट थर पाणी आत घेत नाही. त्याच्यावरचा भेगाळ, कुजलेला थर पाणी धरतो. दोन्हींच्या मध्ये बऱ्याचदा लालसर मातकट पट्टा असतो, तो पाण्याला खाली जाऊ देत नाही. मग पाणी त्या पट्ट्यावरून आडवे सरकत कड्यापाशी येते आणि बाहेर फुटते. ही झिरी अशीच आहे. तोंडाशी बसून पाहिले तर हातभर जाडीच्या लाल पट्टीच्या वर दगड ओला असतो आणि पट्टीखाली कोरडा ठणठणीत.

माथ्यावर दोन प्रकारची जमीन आहे. एक काळी. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पहिला पाऊस त्या भेगांतून खोल जातो, पण ओली झाली की ती फुगते आणि तोंड मिटते. मग तासाला काही मिलिमीटरपेक्षा जास्त पाणी ती घेत नाही. दुसरी बरड, मुरूम उघडा पडलेली, गुराढोरांना चरायला सोडलेली. महसुलाच्या दृष्टीने तिला किंमत नाही, पण डोंगरात पाणी शिरते ते मुख्यतः तिच्यातून.

याच बरड जमिनीचे तुकडे फार्महाउससाठी विकले गेले. गवत उगवावे म्हणून डंपरने काळी माती आणून हातभर पसरली, रोलर फिरवला, हिरवळ लावली. ३० सेंटिमीटर व्यासाचे पत्र्याचे कडे जमिनीत ठोकून, त्यात पाणी ओतून, तासात किती उतरते ते मोजले. बरड तुकड्यात ६ सेंटिमीटर उतरले, हिरवळीवर अर्धा सेंटिमीटरही नाही. पाणी आत जायची खिडकीच लिंपली गेली होती, आणि त्या हिरवळीला उन्हाळ्यात पाजायला खाली बोरिंग होते, तेही झिरीच्याच थरातून उपसणारे.

शेतीही बदलली आहे. पूर्वी कोरडवाहू गहू-हरभरा निघायचा. सोयाबीन आल्यानंतर खरिपात पीक आणि रब्बीत पाण्याचा गहू, लसूण, बटाटा असे दुहेरी चक्र बसले. यात शेतकऱ्याचा दोष काढण्यासारखे काही नाही, त्याचा संसार त्यावर चालतो. पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच उपसा सर्वाधिक, आणि झिरीला त्याच महिन्यांत पुढची बेगमी टिकवायची असते. उतारावरच्या जंगलात मोहफुले वेचण्याआधी झाडाखालचा पाला पेटवतात. वणवा पसरला की पालापाचोळ्याचा थर जातो, उघड्या मातीवर पहिल्या पावसाने कठीण पापुद्रा धरतो आणि पाणी वरूनच निघून जाते.

पर्याय

विश्वस्तांच्या बैठकीत पहिला आग्रह बोरिंगचा झाला. "तात्या, एकदाचे बोरिंग करून टाकू, रोजची कटकट मिटेल," असे एका तरुण विश्वस्ताने सांगितले आणि बहुतेकांना ते पटले. विरोधात दोन मुद्दे आले. घाटाच्या कडेला पाषाणात चारशे फूट जाऊनही कोरडे निघालेले बोरिंग गावात होते. आणि पाणी लागलेच तर ते बहुधा झिरीच्याच थरातले, म्हणजे फुकट येणारे पाणी वीज जाळून काढायचे. शिवाय टंचाईच्या महिन्यांत मध्य प्रदेश पेयजल परिरक्षण अधिनियम, १९८६ खाली जिल्हाधिकारी क्षेत्र जलअभावग्रस्त जाहीर करतात, तेव्हा परवानगीशिवाय नवे बोरिंग घेता येत नाही. पर्याय बाजूला ठेवला.

दुसरा पर्याय झिरीचे तोंड फोडून मोठे करण्याचा. हा सर्वांत धोक्याचा होता आणि जवळजवळ अमलात आला होता. मजूर सब्बल (पहार) आणि ब्रेकर घेऊन वर पोहोचले होते. वस्तीतल्या ज्या वृद्धाने वर्षानुवर्षे ही झिरी साफ केली होती त्याने व्यवस्थापकाला अडवले. खालचा लाल दगड फुटला तर पाणी तिथूनच खाली निघून जाईल आणि पुन्हा वर येणार नाही, असे त्याचे म्हणणे. भूजलाच्या जाणकाराने नंतर पाहणी करून तेच सांगितले. काम थांबले. अनेक गावांत याच घाईपायी चांगले झरे कायमचे गेले आहेत, म्हणून हा क्षण इथे मुद्दाम नोंदवला आहे.

तिसरा पर्याय खालच्या नाल्यावर बंधारा बांधून पंपाने पाणी वर घेण्याचा. डिझेल, गाळ आणि पावसाळ्यात वाहून जाण्याची भीती पाहता तो मागे पडला. उरले ते चार: पाइपची गळती काढणे, झिरीचे तोंड नीट बांधणे, माथ्यावर पाणी मुरवणे आणि छताचे पाणी साठवणे. चारही करायचे ठरले. क्रम मात्र चुकला.

काय केले

पहिल्या वर्षी सगळा जोर खंदकांवर गेला, कारण ते दिसतात, श्रमदानाने होतात आणि फोटोतही चांगले येतात. वन विभाग व गावच्या वन समितीची संमती वसतिगृहालगतच्या उतारासाठी लवकर मिळाली, म्हणून तिथेच समपातळीत, ४ मीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर रुंद व खोल असे खंदक काढले. पावसात ते काठोकाठ भरले. झिरीवर ढिम्म परिणाम नाही.

कारण नंतर कळले. बहुतेक खंदक झिरीच्या लाल पट्टीच्या पातळीखाली होते. त्यांत मुरलेले पाणी झिरीला नव्हे, खालच्या नाल्याला मिळत होते. हे तपासायला पाण्याची विद्युतवाहकता मोजणारे खिशातले यंत्र पुरले. झिरीचे पाणी सेंटिमीटरला ५२० मायक्रोसीमेन्स, माथ्यावरच्या विहिरीचे ५४०, उताराच्या नाल्याचे १९०. जमिनीत जास्त काळ राहिलेल्या पाण्यात क्षार जास्त विरघळतात. झिरी आणि माथ्यावरची विहीर एकाच थरातल्या आहेत याचा हा चांगला पुरावा होता. एकट्या या चाचणीवर विसंबू नये. थरांचा उतार कंपासने पाहिला, विहिरीतल्या पाण्याची पातळी झिरीशी ताडली, आणि तिन्ही गोष्टी जुळल्या तेव्हाच माथ्यावर काम करायचे ठरले.

दरम्यान फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एक साधे मोजमाप झाले. झिरीच्या तोंडाशी मिनिटाला साडेनऊ लिटर, वसतिगृहाच्या टाकीत सहा. साडेतीन लिटर वाटेतच जात होते. काही ठिकाणी वणव्याने पाइप वितळून पुन्हा रबराने बांधलेला होता, काही ठिकाणी सांधे सैल होते. दोन उंचवट्यांवर हवा अडकत असल्याने प्रवाह मध्येच मंदावत होता. एचडीपीईचा, म्हणजे जाड प्लास्टिकचा, ५० मिलिमीटर पाइप ६० सेंटिमीटर खोल पुरला. जिथे खडक होता तिथे दगडी बांधकामाने झाकला, उंचवट्यांवर एअर व्हॉल्व्ह बसवले. वाटेत गुरांसाठी एक कुंड होते, ते बंद न करता त्याला फ्लोट, म्हणजे कुंड भरले की पाणी आपोआप बंद करणारा तरंगता झडप, बसवला. नुसत्या या दुरुस्तीने टँकरची तारीख तीन आठवडे पुढे गेली, आणि खर्च खंदकांपेक्षा कमी आला.

झिरीचे तोंड बांधताना एक गोष्ट काटेकोर सांभाळली. गाळ व मुळे हाताने काढून, धुतलेली गिट्टी भरून, पुढे आडवी भिंत लाल पट्टीपर्यंत उतरवली, पट्टीच्या आत नाही. पेटी दीड मीटर लांब, एक मीटर रुंद. जादा पाण्याचा पाइप झिरीच्या मूळ पातळीच्या चार बोटे खाली ठेवला. पेटीत पाणी मूळ पातळीच्या वर चढवले की मागे दाब येतो आणि झिरी शेजारून दुसरी वाट काढते. गवंड्याला जास्त साठा दिसावा म्हणून पाइप वर घ्यायचा होता, त्याला तो घेऊ दिला नाही. धुण्यासाठी तळाशी निचरा, कुलपाचे झाकण, वरच्या अंगाला १५ मीटरवर कुंपण. टाकीत १०,००० लिटरला ३३ टक्के क्लोरिनची ब्लीचिंग पावडर ६० ग्रॅम, आणि नळाशी शिल्लक क्लोरिन लिटरला ०.२ मिलिग्रॅमच्या खाली गेले तर मात्रा वाढवायची. उघड्या राहिलेल्या पोत्यातली पावडर लवकर निर्बळ होते, म्हणून लहान पाकिटे घेतात.

माथ्यावरचे काम खोदण्यापेक्षा बोलण्याचे जास्त होते. तिथली सोडून दिलेली मुरमाची खाण, ४० मीटर लांब, २५ रुंद, दीड खोल, म्हणजे १५ लाख लिटरची जागा. पंचायतीच्या ठरावाने ती पाणी मुरवायला मिळाली. आजूबाजूच्या शेतांचे पाणी चर काढून तिकडे वळवले. पहिल्या पावसाळ्यात ती भरली आणि डिसेंबरपर्यंत तुडुंब राहिली. गावाला आनंद झाला, पण ते लक्षण वाईट होते. पाणी दिसत राहिले म्हणजे ते मुरत नव्हते. शेतातून आलेल्या काळ्या गाळाने तळावर थर धरला होता. पुढच्या मे महिन्यात तो थर काढून शेतकऱ्यांना दिला, तोंडाशी गाळ बसायला ६ बाय ३ मीटरचा वेगळा खड्डा केला आणि वाहत्या चरांत दगडांचे आडवे बांध घातले. त्यानंतर खाण भरल्यापासून दोन-तीन आठवड्यांत रिकामी होऊ लागली आणि एका पावसाळ्यात अनेकदा भरली.

दोन शेतकऱ्यांना लसणासाठी ठिबक बसवून देण्यात न्यासाने हिस्सा उचलला. बदल्यात जानेवारीपासून बोरिंग दिवसाआड चालवायचे ठरले. एका फार्महाउसमालकाने हिरवळीचा एक कोपरा उकरून पुन्हा बरड करू दिला. उरलेल्यांनी ऐकून घेतले, एवढेच.

वसतिगृहाच्या ५०० चौरस मीटर छताचे पाणी सव्वा लाख लिटरच्या टाकीत घेतले. १५ फेब्रुवारी ते ३० एप्रिल हे ७५ दिवस, ११० माणसे, पिण्या-स्वयंपाकाला माणशी १५ लिटर, असा तो आकडा आहे. पहिल्या सरीचे ५०० लिटर आपोआप बाहेर जातात. टाकी सप्टेंबरअखेर पुन्हा भरून कुलूप लावायचे, नाहीतर ऑक्टोबरच्या उकाड्यातच धुण्याला संपते.

निष्पत्ती

दोन पावसाळ्यांनंतर प्रवाह मिनिटाला सव्वासहा लिटरच्या खाली जाण्याची वेळ मार्चच्या शेवटी आली, म्हणजे साधारण सहा आठवडे पुढे गेली. त्यातले तीन आठवडे पाइपचे. उरलेले साधारण तीन आठवडे माथ्यावरच्या कामाचे म्हणता येतील, पण त्यातल्या एका वर्षी पाऊस ऑक्टोबरपर्यंत लांबला होता. तेव्हा सगळे श्रेय खाणीला देणे बरोबर नाही. कमी पावसाचे एक वर्ष गेल्यावरच खरे कळेल. टँकर बंद झालेला नाही. एप्रिलमध्ये दिवसाआड एक लागतो, पण पिण्याचे पाणी आता घरचे आहे.

ठिबकचा करार एका शेतकऱ्याने पाळला. दुसऱ्याने जमीन विकली. नव्या मालकाने पहिल्याच हिवाळ्यात नवे बोरिंग घेतले, टंचाईचा आदेश निघण्यापूर्वी, त्यामुळे अनुविभागीय अधिकाऱ्याकडे तक्रार करायला आधार उरला नाही.

काय वेगळे करता आले असते

खंदकांच्या आधी बादली आणि घड्याळ घेऊन दोन्ही टोकांना मोजले असते तर एक वर्ष वाचले असते. प्रवाह मोठा असेल तेव्हा तो मोजायला वाटेत आडवी, ९० अंशाच्या त्रिकोणी खाचेची पत्र्याची फळी बसवावी. खाचेवरून पाणी १० सेंटिमीटर उंच वाहिले तर सेकंदाला सुमारे ४.४ लिटर, ५ सेंटिमीटर असेल तर पाऊण लिटर. दर आठवड्याला एकाच वारी, एकाच वेळी नोंद. मुलांकडेच हे काम दिले आहे आणि ती ते चोख करतात.

पाणी कुठून येते हे ठरवल्याशिवाय कुदळ मारायला नको होती. जिथे परवानगी सहज मिळते तिथे काम करण्याचा मोह सगळ्याच संस्थांना होतो. सिक्कीममध्ये २००८ पासून चाललेल्या धारा विकास कार्यक्रमात झऱ्याचे मूळ क्षेत्र आधी शोधून मगच खंदक काढले जातात. तीच शिस्त इथे बेसाल्टात आणखी गरजेची आहे, कारण पाण्याचे क्षेत्र डोळ्यांना दिसणाऱ्या उताराशी जुळेलच असे नाही. कड्याच्या अगदी काठावर, जुन्या भेगांपाशी, खंदक कधीच काढू नयेत. तिथे दरड सुटते.

शेतकऱ्यांशी करार तोंडी ठेवला ही मोठी उणीव. माथ्यावरची जमीन हातोहात विकली जाते आणि तोंडी शब्द विक्रीपत्राबरोबर जात नाही. ग्रामसभेचा ठराव, त्यात बरड तुकड्यांचे खसरा क्रमांक (जमिनीचे महसुली क्रमांक) आणि त्यांवर माती न पसरवण्याची अट, हे सुरुवातीलाच पटवारी (तलाठी) व पंचायत सचिवांना घेऊन करायला हवे होते. असा मसुदा आता तयार आहे. त्यात खाणीचा गाळ दर मे महिन्यात कोणी काढायचा आणि त्याचा खर्च कसा वाटायचा हे कलम अजून ठरायचे आहे, आणि वस्तीतल्या कुटुंबांनी झिरीच्या जादा पाण्यातला वाटा लेखी मागितला आहे. न्यासाने तो मान्य करावा असे आमचे मत आहे. माथ्यावर गुरे राखणारी, वणवा विझवायला धावणारी माणसे तीच आहेत.